ताईची जुनी फळी

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची! बसमध्ये शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होती, बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलं आणि स्टॉपपासून घरापर्यंत ती धोंड मी अक्षरशः फरफटत आणली. पण भावोजींनी हसत दार उघडलं आणि सगळा शीण गेला. आतल्या खोलीतून ताईचा आवाज, छोटी आली का, छोटीला आधी पाणी द्या. मी सव्वीस वर्षांची घोडी झाले तरी या घराण्यात छोटीच राहणार.

ताईचा डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. दारातल्या पायऱ्यांवरून पडली, उजवा खांदाही दुखावलाय. कशी पडलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, मागे मागे सरकत होते, पायरी लक्षातच आली नाही. मी म्हटलं, अख्ख्या जगाला जमिनीखालचं दाखवतेस आणि स्वतःला पायाखालचं दिसेना! हसली. हसताना तिच्या गालाला खळी पडते. मला नाही पडत.

तिचं प्लास्टर निघेपर्यंत मी घर सांभाळायचं आणि तिच्या जागेवर कामालाही जायचं, असं ठरलंय. मीही तोच कोर्स केलाय म्हणा. तिच्या मागून, तिच्याच पुस्तकांवर, तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा वाचत.

घर मात्र झक्कास आहे. तळमजला, लांबलचक हॉल, निळा गालिचा, खिडकीशी सोफा. हॉलच्या एका टोकाला बाहेरचं दार, दुसऱ्या टोकाला ताईची खोली. पडद्यांचा रंग उशांना, उशांचा दिव्यांना. मत्सर वाटला का? वाटला. स्वतःच्या वहीत लिहायला कुणाची चोरी? लहानपणी तिचे आखूड झालेले फ्रॉक मला, तिची सायकल मला, तिचा चष्म्याचा डबासुद्धा मला. आधी माझ्याकडे आलं आणि माझंच राहिलं, असं एकतरी काही आयुष्यात मिळू दे, एवढंच मागणं आहे. बाकी मजेत.

मंगळवार, ५ तारीख

कामाचा पहिला दिवस. ताईची कंपनी रस्ता खोदायच्या आधी खाली कुठे पाइप, कुठे केबल आहे ते रडारने शोधून देते. यंत्र म्हणजे चार चाकांवरचा एक पिवळा डबा, वर दांडा आणि दांड्यावर टॅब्लेट. बाबागाडीसारखा ढकलत जायचं. डबा जमिनीत लहर सोडतो, ती खालच्या वस्तूवर आपटून परत येते, आणि पडद्यावर एक खाली वाकलेली कमान उमटते. ऑफिसात तिला मिशी म्हणतात. मिशी दिसली की खाली काहीतरी आहे. मिशी जेवढी खाली, तेवढी वस्तू खोल. रंगाच्या फवाऱ्याने खूण करायची आणि पुढे निघायचं.

ऑफिसात सगळे चांगले आहेत, पण प्रत्येकाच्या तोंडी ताई. ताई असं करायच्या, ताई तसं ठेवायच्या. साहेब तर म्हणाले, तुमच्या ताई नुसत्या चालत गेल्या तरी पाइप आपणहून वर येऊन सांगायचा. सगळे हसले. मीही हसले. दात दाखवायला काय जातंय.

घरी आल्यावर ताईने शिकवणी घेतली. यंत्रावरच्या झाकणाबद्दल आणि लहरींच्या वेगाबद्दल काहीतरी लांबण लावली होती. मी म्हटलं, कळलं गं, मीही परीक्षा पास झालेय. शिकवणी तिथेच आटोपली बिचारीने. थोडं बरं वाटलं.

गुरुवार, ७ तारीख

आज नाक कापलं गेलं. कोपऱ्यावरच्या शाळेसमोर मी छातीठोकपणे पाइपची खूण केली. खोदणाऱ्यांनी दुपारपर्यंत खड्डा खणला आणि खाली काय, तर झाडाचं मूळ. मुकादम मला काही बोलला नाही, शेजारच्याला म्हणाला, ताई असत्या तर एवढं खणावं लागलं नसतं. मला ऐकू जाईल अशा बेताने.

घरी येऊन ताईला सांगितलं नाही. पण फोन आलाच असणार, कारण संध्याकाळी ती माझ्याशी फार गोड वागली. तिचा तो गोडपणा मला मिरचीसारखा झोंबतो.

एक लिहायचं राहिलं. भावोजी रोज सकाळी कामावर जायच्या आधी ताईच्या मागे बसून तिचे केस विंचरतात. तिचा हात वर जात नाही ना. वेणी वाकडीतिकडी घालतात, पण घालतात. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. माझ्या मागे असं कधी कुणी बसलं नाही. आईसुद्धा माझ्या वेळेपर्यंत दमलेली असायची, म्हणून माझे केस कायम कापलेले. आता वाढवलेत तर विंचरणारं कोण आहे?

शनिवार, ९ तारीख

अर्धा दिवस सुट्टी. भावोजी दुकानात, ताई दुखण्याची गोळी घेऊन झोपलेली. माझ्या खोलीतल्या कपाटात सामान लावताना मागे एक फळी सापडली. पांढरी, कंबरेएवढी लांब, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, तिला दांडा आणि वायर. जुन्या पद्धतीचं रडार! डबा वगैरे काही नाही, नुसती फळी.

ताई उठल्यावर विचारलं. चेहराच बदलला तिचा. म्हणाली, ऑफिसने टाकून दिलेली आहे, बिघडलेली आहे, तिला हात लावायचा नाही आणि होती तशीच भिंतीकडे वळवून ठेव. मी बरं म्हटलं. पण मला काय दूधखुळी समजते का ही? बिघडलेली वस्तू कुणी इतकी जपून ठेवतं? पाइप आपणहून वर येऊन कुणाला सांगतात, ते आता कळलं!

सोमवार, ११ तारीख

शाळेसमोरचं काम दुपारीच संपलं, टॅब्लेट घेऊन लवकर घरी आले. ताई झोपलेली. फळी काढली, वायर जोडली, हॉलमध्ये गालिच्यावरून दारापासून ताईच्या खोलीपर्यंत ओढत नेली.

बिघडलेली म्हणे! पडद्यावर इतकं स्वच्छ मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि सोफ्याच्या जवळ एक मिशी. मोठी, ऐसपैस, दोन्ही टोकं लांबवर पसरलेली. खोली दीड मीटर.

या हॉलखाली पाइप नाही, केबल नाही, नकाशा मी पाहिलाय. मग काय आहे? पेटी? हंडा? काहीही असो, ताई इथे चार वर्षं राहतेय आणि तिला पत्ता नाही. मला सापडलं. मला, छोटीला!

तिला दाखवणार नाही. ती एका नजरेत ओळखणार आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसभर होणार की ताईंनी पलंगावर पडल्या पडल्या शोधलं. हे माझं आहे. आज इतका आनंद झालाय की स्वयंपाक करताना गाणं म्हणत होते. भावोजी म्हणाले, स्वारी खूश दिसतेय.

बुधवार, १३ तारीख

आज पुन्हा. मिशी आहे, पण खोली एक मीटर. सोमवारी दीड होती. जमिनीतली वस्तू काही वर सरकत नाही, तेव्हा सोमवारी मीच काहीतरी चुकीचं वाचलं असणार.

दुसऱ्या फेरीत आणखी गंमत. मिशी गेलीच. तिच्या जागी रेष. दारापासून ताईच्या खोलीपर्यंत एक सरळ, आडवी, सलग रेष. मी थांबले तिथे रेषही थांबली.

सरळ रेष म्हणजे सपाट काहीतरी. म्हणजे छत. या हॉलखाली तळघर आहे! ताईच्या एवढ्या सजवलेल्या घराखाली एक अख्खी खोली, आणि ती माझी.

मान थोडी गार पडली होती. खिडकी उघडी राहिली असेल.

गुरुवार, १४ तारीख

खिडकी बंद होती. आज मी आधी बघून घेतली.

रेष आणखी वर आलीये. पडद्यावरचा आकडा माझ्या वितीशी ताडून पाहिला, तर तेवढाच. फरशीखाली फक्त वीतभर! एवढ्यावर छत असतं तर हॉलमध्ये चालताना घुमलं नसतं का? पण रेष आहे. डोळ्यांनी बघतेय मी.

आणि एक. फेरी संपवून वाकले होते तेव्हा वेणीचा शेंडा कुणीतरी उचलला. ओढला नाही. उचलला, आणि हळूच खांद्यावरून पुढे ठेवला, गुंता असला की ठेवतात तसा. मी वळून बघितलं. सोफा, पडदे, उशा.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू, दुसरंही काहीतरी वाटलं. बरं वाटलं.

शुक्रवार, १५ तारीख

फरशी फोडली.

कामावर डोकं दुखतंय सांगून निघाले. गालिचा दुमडला, सोफ्यालगतच्या फरशीला छिन्नी लावली. खाली सिमेंट, सिमेंटखाली माती, मातीत विटांचे तुकडे. कोपरापर्यंत हात घातला. छत नाही. पोकळी नाही. पेटी नाही. काही नाही. काही म्हणजे काहीच नाही.

आवाजाने ताई उठली. हाका मारायला लागली, मग ओरडायला. शेवटी टॅब्लेट नेऊन तिच्यासमोर आदळला. म्हटलं, बघ, तुझ्या घराखाली मला काय सापडलंय.

तिने तो पडदा किती वेळ पाहिला. ओठ पांढरे पडले तिचे. मग अगदी हळू विचारलं, हॉलमध्ये तुझ्या मागे कोण होतं?

मी म्हटलं, कोणी नाही.

मग तिने सांगितलं. नव्या डब्याला वरून झाकण असतं, म्हणून त्याला फक्त खालचं ऐकू येतं. फळीला झाकण नाही. तिला भिंत, छत, मागे उभं असलेलं माणूस, सगळं ऐकू येतं, आणि ते सगळं ती जमिनीखालचं म्हणूनच दाखवते. हवेत लहर तिप्पट धावते, म्हणून मिशी अशी ऐसपैस पसरते. म्हणून पडद्यावरचा आकडा तिप्पट करायचा. दीड मीटर खोल म्हणजे सोफ्यापासून साडेचार मीटर लांब. म्हणजे बाहेरच्या दारात. आणि सरळ रेष म्हणजे छत नव्हे. सरळ रेष म्हणजे आपण चाललो की आपल्याबरोबर तेवढंच अंतर ठेवून चालणारं काहीतरी.

मी म्हटलं, माझंच अंग असेल. ती म्हणाली, तुझं अंग असतं तर पहिल्या फेरीपासून दिसलं असतं, आणि जवळ जवळ आलं नसतं.

वीतभर. तिप्पट केली तर हात पुढे केला की पोचेल एवढं.

शनिवार, १६ तारीख

भावोजींना सांगितलं, बॅग पडून फरशी फुटली. म्हणजे पुन्हा मीच वेंधळी.

ते बाहेर गेल्यावर ताईने उरलेलं सांगितलं. तिलाही दिसलं होतं. तीच मिशी, तीच रेष, याच हॉलमध्ये. तिला वाटलं घराखाली जुना हौद असेल. शेवटच्या दिवशी रेष पार वर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं आणि ती वळली. काय पाहिलंस विचारलं तर तोंडावर हात ठेवला. तिथून ती मागे मागे सरकत गेली, आणि पायरी. आपण शोधतो तेवढं ते जवळ येतं म्हणे. शोधणं थांबवलं, फळी भावोजींकडून भिंतीकडे वळवून घेतली, म्हणून ते दारातच राहिलं.

रडत होती. म्हणाली, तुला सगळं सांगायला हवं होतं, पण मला वेडी म्हणाली असतीस. ते आता माझ्यावर येऊ दे, फळी माझ्या हातात दे, एकदा सुटलेय मी त्याच्यातून.

आणि मी काय ऐकलं? एवढंच, की हेसुद्धा आधी तिला मिळालं होतं. हेसुद्धा जुनं. तिचं वापरून झालेलं, आखूड झालेलं, मग माझ्या अंगावर घातलेलं.

फळी नाही दिली. म्हटलं, आता तेही परत हवंय का तुला?

रविवार, १७ तारीख

भावोजी दिवसभर घरी. मी ताईच्या खोलीत गेले नाही. ताट दारात ठेवलं.

भीती वाटते. पाठ भिंतीला लावून बसते. जेवतानाही. पण भिंतीला पाठ लावली की केसांना कोणी हात लावत नाही—

सकाळी भावोजी तिच्यामागे बसले होते. गालाला खळी होती तिच्या. एवढं सगळं होऊनही खळी!

मी हॉलच्या मध्यात बसले. पाठ मोकळी सोडून. बोटं आली. गार, सावकाश. कानामागून एक बट काढली, ती तशीच धरून ठेवली. दात वाजत होते माझे, पण हलले नाही.

ताईच्या मागे एक आहे. माझ्या मागे एक आहे. फिटंफाट.

सोमवार, १८ तारीख. सकाळ

आज बोटं आली नाहीत. मध्यात बसले, वेणी सोडली, बसूनच राहिले. नाही.

कामावर गेले नाही. साहेबांचा फोन. ताई बऱ्या आहेत ना, एवढंच विचारलं. माझं काही नाही.

दुपार

फळी काढली. आतून ताई ओरडतेय, नको, छोटी, हात जोडते. हा चाकांचा आवाज नाही, फळीची खरखर आहे, हे तिला ओळखता येतं.

रेष नाही. मिशी आहे. म्हणजे ते उभं आहे. एका जागी.

बाहेरच्या दाराशी आकडा मोठा. सोफ्याशी कमी. गालिच्याच्या टोकाशी आणखी कमी.

म्हणजे पुढे—

तिच्या खोलीच्या दाराशी. तिथे उभं आहे. माझ्याकडे पाठ करून असणार. तिच्याकडे तोंड.

मला सोडून. तिच्याकडे! प्लास्टरमधल्या पायाची, हात वर न जाणारी, अर्धी मोडलेली— तरी तिच्याकडेच. फ्रॉक तिचे, साहेब तिचे, आई तिची, आणि हे भूतसुद्धा—

ती ओरडायची थांबली. काहीतरी दिसलंय तिला.

आता म्हणतेय, छोटी, बाहेर जा. दार उघडं आहे, तू पळ, माझं होईल ते होईल. मला पळ म्हणतेय. म्हणजे ते तिला एकटीला—

नाही.

वही मांडीवर आहे. दारासमोरच बसलेय, फळी पुढ्यात. आकडा कमी जास्त काही होत नाही. ते तिच्या उंबऱ्यावर आहे. बट उचलल्यासारखा तिच्या दाराचा पडदा हलतोय.

हाक मारली. मोठ्याने. म्हटलं, तिचं झालंय सगळं, तिला आहे विंचरणारं. इकडे ये. माझ्याकडे ये. मला कोणी नाही.

पडदा थांबला.

आकडा कमी होतोय. आणखी. ताई किंचाळतेय, त्याच्यावर नाही, माझ्यावर, छोटी, वळू नकोस, वळू—

वळत नाही. समोरूनच येतंय. नाही, समोरून गेलं, बाजूने गेलं, मागे बसलं. गुडघे टेकल्याचा आवाज आला. भावोजी बसतात तसं.

टॅब्लेटवर रेष. अगदी वर. शून्याला टेकलेली.

केसांत बोटं. दोन्ही हातांची. आता तीन पेड करतंय. घट्ट. ताई ओरडू नकोस, फार घट्ट नाही, थोडंसंच, आता मान मागे—

बघ ना ताई, मला पहिल्यांदाच कोणी